अल्बर्ट पार्कात वय विचारायचं नसतं!

*फॉर्म्युला वनच्या सीझनची पहिली रेस, धो धो पाऊस, ग्रिडवर ४३ वर्षांचा चॅम्पियन आणि १८ वर्षांचा पोरगा, आणि टेकडीवर त्यांच्या वयावरून भांडणारे आपण सगळे...*

मेलबर्नच्या सिटी सेंटरमधून दक्षिणेकडे जाणारी ट्राम पकडली की थोड्याच वेळात एक मोठ्ठं तळं लागतं. तळ्यात काळे राजहंस, एका बाजूला गोल्फ कोर्स आणि भोवती फिरणारा साधा डांबरी रस्ता. वर्षातले बहुतेक दिवस इथे बाबागाडी ढकलणाऱ्या आया, जॉगिंगवाले आणि कुत्र्यांना फिरवणारे आजोबा दिसतात. गाड्याही असतात, पण अगदी शहाण्या, स्पीड लिमिट पाळणाऱ्या. मार्च आला की मात्र या रस्त्याच्या अंगात येतं! काँक्रीटच्या भिंती उभ्या राहतात, तारेच्या जाळ्या लागतात, तात्पुरते स्टॅण्ड चढतात आणि त्याच रस्त्यावरून गाड्या ताशी तीनशेच्या पुढे सुटतात. बॉस, हेच ते अल्बर्ट पार्क!

ऑस्ट्रेलियन ग्रांप्री १९८५ पासून १९९५ पर्यंत अ‍ॅडलेडला व्हायची आणि ती सीझनची शेवटची रेस असायची. १९९६ मध्ये ती मेलबर्नला आली आणि थेट पहिल्या नंबरवर जाऊन बसली. मधली काही वर्षं सोडली तर सीझनचा नारळ इथेच फुटत आलाय. आपल्यासाठी तर ही खास रेस. युरोपातल्या रेसेस लागतात संध्याकाळी, ही लागते रविवारी सकाळी. मांडीवर पोह्यांची प्लेट, हातात चहा आणि टीव्हीवर तळ्याकाठची ती पहिली सुसाट लाइन. आमच्या घरी काका आणि मी असंच बघायचो. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन भारताचा पहिला एफ-वन ड्रायव्हर म्हणून उतरला तो इथेच. पंधरावा आला, पण आला! तेव्हा तो २८ वर्षांचा होता. आज माझं वय तेवढंच आहे, आणि एफ-वनच्या आजच्या हिशेबात २८ व्या वर्षी पदार्पण म्हणजे चक्क उशीर.

वयाचं हे असं डोक्यात घेऊनच मी मार्च २०२५ मध्ये मेलबर्नला पोचले. पण टेकडीवर बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच चाललेलं असेल, याची कल्पना नव्हती.

टेकडीवरची संसद

स्टॅण्डची तिकिटं खिशाला चटका लावणारी. त्यामुळे आम्ही घेतला होता 'पार्क पास', म्हणजे जनरल अ‍ॅडमिशन. मिळेल त्या हिरवळीवर सतरंजी टाकायची, समोर जाळीपलीकडे ट्रॅक आणि लांबवर मोठी स्क्रीन. चांगली जागा हवी तर सकाळी लवकर जाऊन पकडायची, आपल्या गणपती विसर्जनासारखंच! त्या वर्षी चार दिवसांत मिळून साडेचार लाखांहून जास्त माणसं आली होती. शनिवारी ऊन असं की टोपीतूनही डोकं भाजावं. रविवारी उठून पाहतो तर गार वारा आणि पाऊस. मेलबर्नमध्ये एका दिवसात चारही ऋतू बघायला मिळतात म्हणतात, त्याचा डेमोच मिळाला.

आमची गँग अशी. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, वय ३६, आयटीत, टार्नीटला राहतो. त्याचा कोल्हापूरचा मित्र, पंचेचाळिशीचा, शूमाकरच्या जमान्यापासूनचा फेरारीवाला. पुण्याहून मास्टर्स करायला आलेली एक बावीस वर्षांची मुलगी, डोक्यावर मॅक्लारेनची पपई रंगाची टोपी, कारण ऑस्कर पिआस्ट्री हा मेलबर्नचाच मुलगा. आणि शेजारच्या घडीच्या खुर्चीवर एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ, सत्तरीचे तरी असतील. अ‍ॅडलेडपासून रेस बघत आलेले. आम्ही आपसात त्यांचं नाव 'आजोबा' ठेवून टाकलं.

वहिनीने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला आणि वादालाही तोंड फुटलं.

"काका, अलोन्सोला कुणीतरी सांगा ना आता, घरी बस म्हणून," पुणेकर म्हणाली.

"पहिलं म्हणजे काका म्हणू नकोस, दादा म्हण," कोल्हापूरकर उखडला. "आणि दुसरं म्हणजे, त्यानं का म्हणून बसायचं घरी?"

तिचा मुद्दा अगदी बिनतोड होता. ग्रिडवर टीम दहा, सीट फक्त वीस. फर्नांडो अलोन्सो ४३ वर्षांचा, शेवटची रेस जिंकला २०१३ मध्ये. लुईस हॅमिल्टन ४० चा. हे दोघं बसलेत म्हणजे खाली फॉर्म्युला टू जिंकणारी दोन पोरं घरी बसलीत. "आमच्या बॅचला नोकरीचं विचारा," ती म्हणाली, "वरची सीट हललीच नाही तर आम्ही जायचं कुठं?"

दादा गप्प झाला. त्याच्या ऑफिसात नुकतीच चोविशीची टीम लीड आली होती, हे मला वहिनीकडून कळलं होतं. त्यामुळे या वादात तो नक्की कुणाच्या बाजूने बोलणार हेच ठरत नसावं!

दाढीवाला चॅम्पियन

मग आजोबांनी तोंड घातलं. अल्बर्ट पार्कात स्टॅण्डना ड्रायव्हरांची नावं आहेत. एक फान्जिओ, एक ब्रॅबहॅम. "ही नावं नुसती लावायला लावलेली नाहीत," ते म्हणाले. हुआन मॅन्युएल फान्जिओ पाचवं विजेतेपद जिंकला तेव्हा ४६ वर्षांचा होता, साल १९५७. त्याच्याही आधी, १९५१ च्या फ्रेंच ग्रांप्रीत त्याच्याबरोबर गाडी वाटून घेऊन जिंकणारा लुईजी फाजिओली तर ५३ चा!

आणि त्यांचा लाडका जॅक ब्रॅबहॅम. १९६६ मध्ये चाळिशी झाली म्हणून पेपरवाले त्याची टिंगल करायला लागले. पठ्ठ्यानं काय करावं? झॅण्डफोर्टच्या डच ग्रांप्रीला खोटी लांब दाढी लावून, हातात जॅकचा दांडा काठीसारखा टेकत, लंगडत लंगडत गाडीपर्यंत गेला. मग दाढी काढली, गाडीत बसला आणि रेस जिंकला. त्या वर्षी तो वर्ल्ड चॅम्पियनही झाला, तेही स्वतःचं नाव असलेल्या गाडीतून. असं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. पुढे १९७० च्या सीझनची पहिलीच रेस, साऊथ आफ्रिकेतली, त्याने जिंकली ती ४३ व्या वर्षी. त्याच वर्षाच्या शेवटी तो थांबला.

"म्हणजे बरोब्बर अलोन्सोचं वय!" कोल्हापूरकराने मांडीवर थाप मारली.

"पण तेव्हा मानेला एवढं सोसावं लागत नव्हतं," पुणेकर हार मानायला तयार नव्हती. खरंच होतं तिचं. आजच्या गाडीत वळणावर पाच जीपर्यंत जोर बसतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो, ते मानेला तीसेक किलोचं वाटतं. हे दीड-दोन तास, वळणामागून वळण. चाळिशीतल्या ड्रायव्हरचा दिवस म्हणूनच निम्मा जिममध्येच जातो.

शूमाकरचा विषय निघाल्यावर मात्र कोल्हापूरकर जरा नरमला. सात वेळचा चॅम्पियन ४१ व्या वर्षी, २०१० मध्ये परत आला. तीन सीझन खेळला आणि पोडियम मिळालं एकच, २०१२ मध्ये व्हॅलेन्सियाला. "आपल्याला नाय बघवायचं," तो म्हणाला. "पण रविवार चुकवलाय कोण!"

मला सचिन आठवला. शेवटची दोन-तीन वर्षं आपण घराघरांत हेच बोलत नव्हतो का? 'आता थांबावं बाई त्याने' म्हणायचं आणि तो बॅटिंगला आला की कामं टाकून टीव्हीसमोर बसायचं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर तो खरोखरच थांबला, तेव्हा रडलो ते आपणच.

पावसाने घेतलेली परीक्षा

पहिल्या रेसची गंमत काय माहित्येय? त्या दिवशी सगळ्यांचे पॉइंट्स शून्य. १८ वर्षांचा किमी अँटोनेलीही शून्यावर आणि अलोन्सोही शून्यावर. अलोन्सोने इथेच, २००१ मध्ये मिनार्डीतून पदार्पण केलं तेव्हा अँटोनेलीचा जन्म व्हायला अजून पाच वर्षं होती! हॅमिल्टनची पहिली रेसही इथलीच, २००७ ची. पहिल्याच वळणावर या पोराने टीममेट असलेल्या चॅम्पियन अलोन्सोला बाहेरच्या बाजूने मागे टाकलं होतं. तेव्हा अलोन्सो होता २५ चा, हॅमिल्टन २२ चा. काका सोफ्यावरून उठून ओरडले होते, ते मला अजून आठवतं. आता त्याच वळणावर तेच दोघं 'म्हातारे' म्हणून उतरत होते. त्यात हॅमिल्टन पहिल्यांदाच फेरारीच्या लाल कपड्यांत. कोल्हापूरकराचे डोळे आधीच ओले.

पाऊस म्हटल्यावर सगळ्यांचा एकच फंडा, ओल्या ट्रॅकवर अनुभव कामाला येणार. सुरुवात तरी तशीच झाली. इसाक हॅजार, वय २०, आयुष्यातली पहिली रेस. तीसुद्धा सुरू व्हायची होती. ग्रिडवर गाड्या लावण्याआधीच्या फॉर्मेशन लॅपमध्येच त्याची गाडी घसरली आणि भिंतीला लागली. खेळ खल्लास. स्क्रीनवर तो हेल्मेट न काढता, मान खाली घालून चालत येताना दिसला. रडत होता हे कळत होतं. तेवढ्यात एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. लुईस हॅमिल्टनचे वडील, अँथनी. मुलाच्या कार्टिंगसाठी एकेकाळी दोन-तीन नोकऱ्या केलेला हा बाप, दुसऱ्या टीमच्या, ओळखपाळख नसलेल्या पोराला कवेत घेऊन चालला होता. इतका वेळ भांडणारी आमची टेकडी एकदम चिडीचूप झाली. पुणेकरने टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग रेस सुरू झाली आणि वयाचे सगळे हिशेब पाण्यात गेले. पहिल्याच लॅपमध्ये २२ वर्षांचा जॅक डूहन भिंतीत. "बघ, पोरं!" कोल्हापूरकर म्हणाला. सेफ्टी कारच्या मागे हळू चालत असतानाच कार्लोस साईन्झ, तिशीचा, दहा वर्षं मुरलेला, तोही भिंतीत. आता पुणेकर हसली. आणि निम्म्याहून जास्त रेस झाल्यावर अलोन्सो! वळणातून बाहेर पडताना चाक खडीवर गेलं, गाडी फिरली आणि भिंतीला आदळली. आमच्या टेकडीवर शंभर माणसांनी एकदम 'आह' केलं. त्यात 'घरी बस' म्हणणारीही होती, बरं का!

शेवटच्या टप्प्यात पाऊस पुन्हा कोसळला. ट्रॅक सुकला म्हणून सगळे गुळगुळीत टायरवर होते. आता आत येऊन पावसाचे टायर लावायचे की बाहेर राहून सर निघून जाईल अशी आशा करायची? पिआस्ट्री आपल्याच गावात गवतावर जाऊन अडकला, कशीबशी गाडी मागे घेत बाहेर आला. नॉरिस लगेच पिटमध्ये शिरला. फेरारीने हॅमिल्टनला बाहेर ठेवलं आणि काही मिनिटं, फक्त काही मिनिटं, चाळीस वर्षांचा हॅमिल्टन लाल गाडीत सर्वांत पुढे होता! कोल्हापूरकर चिखलात उड्या मारत होता. पण पाऊस काही थांबला नाही. हॅमिल्टनला आत यावंच लागलं. लॉसन आणि बोर्टोलेटो ही दोन नवी पोरंही त्या सरीत भिंतीला लागली. शेवटच्या लॅपमध्ये पिआस्ट्रीने हॅमिल्टनला मागे टाकून नववा नंबर घेतला. हॅमिल्टन दहावा, पॉइंट एक.

जिंकला लॅण्डो नॉरिस, वय २५. दुसरा मॅक्स व्हर्स्टापन, तिसरा जॉर्ज रसेल. सोळाव्या जागेवरून सुटलेला अँटोनेली चौथा! आधी त्याला पाच सेकंदांची पेनल्टी लागली होती, ती नंतर रद्द झाली. आणि सतराव्यावरून सुटून सातवा कोण आला? ३७ वर्षांचा निको हुल्केनबर्ग. आता करा हिशेब!

मग वय मोजायचं कशाने?

परतीच्या ट्राममध्ये माणसं अशी कोंबलेली की विरार फास्टची आठवण यावी. सगळ्यांच्या रेनकोटांतून पाणी गळत होतं. तिथे दादा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, एफ-वनमध्ये वयाचा नियम खालच्या बाजूने आहे, वरच्या बाजूने नाही. व्हर्स्टापन २०१५ मध्ये इथेच १७ व्या वर्षी उतरला, त्यानंतर लायसन्ससाठी किमान वय १८ ठरवलं. जास्तीत जास्त किती, हे कुणीच ठरवलेलं नाही. कारण तिथे मोजायची पट्टी वेगळी आहे. एकाच टीमच्या दोन गाड्या सारख्या असतात. तुमची तुलना होते ती फक्त शेजारच्या गाडीशी. त्या शनिवारी क्वालिफाइंगमध्ये लेक्लेर सातवा आणि हॅमिल्टन आठवा होता. अलोन्सो बारावा आणि त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान टीममेट लान्स स्ट्रोल तेरावा. रविवारी मात्र स्ट्रोल सहावा आला आणि अलोन्सो भिंतीत. "शनिवारी तो पास, रविवारी नापास," दादा म्हणाला. "पण पेपर दोघांना एकच होता. ऑफिसात तेवढं तरी कुठे असतं?"

कोल्हापूरकराने दांड्याला लोंबकळत आपलं तत्त्वज्ञान सांगितलं. तालमीत पैलवानाचं वय झालं म्हणून त्याला कुणी बाहेर काढत नाही. तो वस्ताद होतो, हौद्याच्या कडेला उभा राहून पोरांना डाव शिकवतो. फक्त फरक एवढाच, वस्ताद झाल्यावर तो मैदानात उतरत नाही.

"पण अलोन्सो दोन्ही करतोय ना!" हे पुणेकर म्हणाली, आणि आम्ही तिच्याकडे बघतच राहिलो. तिला माहीत होतं. बोर्टोलेटो, जो त्या सरीत भिंतीला लागला, तो अलोन्सोच्याच मॅनेजमेंट कंपनीने पुढे आणलेला ड्रायव्हर. म्हणजे वस्ताद आणि पठ्ठ्या एकाच मैदानात, एकमेकांविरुद्ध, आणि त्या दिवशी दोघंही चितपट. सीट अडवून बसलाय म्हणावं, तर दुसऱ्या हाताने एका पोराला सीट मिळवून देणाराही तोच. तिचा मुद्दा खोटा पडला असं नाही. सीट वीसच होत्या आणि अर्ज करणारे शेकडो. पण स्टॉपवर उतरताना ती 'घरी बस' म्हणत नव्हती. "बसवायचं तर आमच्यापैकी कुणीतरी हरवून बसवावं," एवढंच म्हणाली.

त्यानंतरचा सीझनही तसाच गेला. सहाच दिवसांनी शांघायला हॅमिल्टनने फेरारीसाठी स्प्रिंट रेस जिंकली. कोल्हापूरकराचा मेसेज आला, त्यात शब्द एकही नव्हता, नुसते लाल बदाम. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला हुल्केनबर्ग २३९ व्या रेसला आयुष्यात पहिल्यांदा पोडियमवर चढला. विजेतेपद मात्र नॉरिसचं, २६ व्या वर्षी. आणि २०२६ साठी कॅडिलॅक ही कोरी करकरीत अकरावी टीम आली, तिने ड्रायव्हर निवडले वाल्टेरी बोटास आणि सर्जिओ पेरेझ, दोघेही छत्तिशीतले! २०२५ ला दोघांकडेही सीट नव्हती. नव्या गाडीत कुठे काय बिघडतंय हे सांगायला नवी टीम आधी शोधते ती जुनी माणसं.

आपण मात्र पंचविशीत 'करिअर सेट झालं का' विचारतो आणि तिशीत 'आता उशीर झाला' म्हणून मोकळे होतो. २८ व्या वर्षी मेलबर्नला पंधरावा आलेल्या नारायणला त्या दिवशी कुणी 'उशीर' म्हटलं नव्हतं. आम्ही तर टाळ्या वाजवल्या होत्या.

जायचं असेल तर...

रेस मार्चमध्ये असते, पण तिकिटं आदल्या वर्षीच विक्रीला येतात आणि पटापट संपतात. व्हिसाचं काम त्याच्या आधीच हातात घ्या. बजेट कमी असेल तर पार्क पास, एक सतरंजी आणि घरचा डबा बेस्ट. रेसच्या दिवशी गाडी काढायचा विचारही करू नका, तिकीटवाल्यांसाठी सिटीतून खास ट्राम फुकट असतात. सनस्क्रीन आणि रेनकोट दोन्ही न्या, एकाच दिवशी लागतील. शुक्रवारची प्रॅक्टिस चुकवू नका, गर्दी कमी असते आणि गाड्या जवळून दिसतात. आणि शेजारी घडीच्या खुर्चीवर एखादे आजोबा दिसले, तर पुऱ्यांचा डबा आधी त्यांच्यापुढे करा. गोष्टी खूप आहेत त्यांच्याकडे!

जमलंच नाही, तरी काय बिघडलं? दुपारी तीनला तिथे दिवे विझतात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. पोहे गरम ठेवा म्हणजे झालं.